पानिपताहून परतलेला पाटील

पानिपत म्हटले की आपल्याला मेलेले आठवतात. विश्वासराव, भाऊसाहेब, इब्राहिमखान गारदी, आणि ज्यांची नावे कुठल्याच कागदावर उतरली नाहीत असे हजारो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दिवसाने महाराष्ट्रातल्या किती घरांच्या चुली विझवल्या, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या रणातून जे जिवंत घरी आले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. घरी आला ना, मग सुटला, असे आपण धरून चालतो.

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना माळव्यात कळली ती एका सावकारी पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक भाषेत त्यात माणसांची मोजदाद होती. मोठी माणसे मोती, सरदार मोहरा आणि साधा शिपाई म्हणजे खुर्दा, ज्याची गणतीच नव्हती. माझी सारी नोकरी बँकेत गेली. हिशेबाचा कागद समोर आला की त्यात कोणता रकाना राहिला ते आधी पाहायचे, ही खोड अजून सुटलेली नाही. त्या पत्रात गेलेल्यांचा रकाना होता. मोडून परतलेल्यांचा नव्हता.

त्या न लिहिलेल्या रकान्यात एक नाव होते महादजी शिंदे. पुढे दिल्लीची पातशाही ज्यांच्या शब्दावर उठली-बसली ते महादजी. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण ऐकल्या आहेत. आज त्यांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने पाहू. लढाईतून घायाळ होऊन आलेला एक माणूस, आणि त्याला पुन्हा उभे करणारे हात, या बाजूने.

खड्ड्यातला माणूस

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. राणोजी शिंद्यांच्या पाच मुलांतले ते धाकटे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड. तिथली पाटीलकी घराण्यात होती, आणि हिंदुस्थानभर दरारा बसल्यावरही स्वतःला पाटील म्हणवून घेण्यातच त्यांना समाधान वाटे. धाकट्याच्या वाट्याला थोरल्यांच्या पाठीमागून चालणे येते, तसेच त्यांचे चालले होते. पण हे थोरले एकामागून एक गळत गेले. जयाप्पांना १७५५ साली नागोरला दग्याने मारले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. ज्योतिबा त्याच्या कितीतरी आधी गेले होते. पानिपतावर तुकोजी पडले. जयाप्पांचा मुलगा जनकोजी, शिंद्यांच्या दौलतीचा तरुण धनी, जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. एका घरातले कर्ते पुरुष सहा वर्षांत संपले.

महादजी त्या दिवशी रणातून निघाले ते दक्षिणेच्या वाटेने. त्यांच्या मागे एक अफगाण स्वार लागला. महादजींची दख्खनी घोडी चपळ, जातिवंत. अफगाणाचे जनावर जड, बेढब, पण दमाचे. घोडीला श्वास घ्यायला महादजी थांबत, आणि थोड्या वेळाने मागे तो पुन्हा दिसे. पुन्हा दौड, पुन्हा थांबणे, पुन्हा तोच. असे किती कोस गेले कोण जाणे. शेवटी घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाण आला, त्याने महादजींच्या गुडघ्यावर घाव घातला, अंगावरचे दागिने आणि घोडी घेतली आणि त्यांना तिथेच टाकून निघून गेला. तो पाय जन्माचा अधू झाला.

खड्ड्यात पडलेल्या या माणसाला उचलले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. भिस्ती म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. सावकाराच्या पत्रातला अगदी खुर्दा. ज्या बैलावर तो पखाल लादत असे त्याच्यावर त्याने जखमी महादजींना घातले आणि शत्रूच्या मुलखातून, कडाक्याच्या थंडीतून त्यांना दक्षिणेकडे आणले. गुडघा फुटलेला माणूस बैलाच्या पाठीवर शेकडो कोस आणायचा म्हणजे काय, हे ज्याने आजारी माणूस बैलबंडीत घालून तालुक्याला नेला आहे त्यालाच कळेल. खाणे मागून आणायचे, जखम धुवायची, रात्री जागायचे, आणि कोणी विचारलेच तर हा कोण आहे ते सांगायचे नाही.

झोपेतला स्वार

आता जी गोष्ट सांगतो तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पानिपत संपले, जखम भरली, पण तो अफगाण गेला नाही. पुढे कित्येक वर्षे महादजींना झोपेत तो बेढब घोड्यावरचा स्वार आपल्या मागे धडधडत येताना दिसे. ही हकीकत महादजी स्वतः सांगत, आणि जॉन माल्कमसारख्या इंग्रज लेखकांनी ती पुढे नोंदवून ठेवली. पराक्रमाच्या चरित्रात हा तपशील तळटीपेसारखा येतो आणि वाचणारा पान उलटतो. मला मात्र तो सगळ्या लढायांहून मोठा वाटतो. ज्या काळी पुरुषाने, त्यातून सरदाराने, भीतीचा उच्चार करायचा नसे, त्या काळी या माणसाने आपल्या झोपेतली भीती दुसऱ्याला सांगितली.

त्या वेळी या दुखण्याला नाव नव्हते. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ साली, दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने सैनिकांच्या धडधडत्या छातीबद्दल लिहिले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी शेलशॉक हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला, कारण तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदू हादरतो अशी तेव्हाची समजूत होती. पुढे ध्यानात आले की ज्याच्याजवळ गोळा फुटलाच नाही तोही असाच थरथरतो. स्कॉटलंडमधल्या एका रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांनी अशा अधिकाऱ्यांना ओरडून वा लाजवून नव्हे, तर बोलते करून बरे करण्याचा मार्ग धरला. त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तिथून उपासमार आणि कैद भोगून जे गावी परतले त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, याची कल्पनाच करावी लागते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या दुखण्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा मनोविकार, असे नाव दिले. महादजींना हाच आजार होता असे सव्वादोनशे वर्षांनंतर म्हणणे बरे नाही. पण पुन:पुन्हा येणारे तेच स्वप्न हे त्या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, एवढे खरे.

हे ओझे वाहणारे महादजी एकटे नव्हते. नाना फडणवीस तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे. तेही पानिपताहून वाचून आले. त्यांची आई त्या पळापळीत गेली, आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ती दैना मोकळ्या मनाने लिहून ठेवली आहे. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून सावरलेच नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणावरून परत आल्या, पण नवरा गेला हे त्यांच्या मनाने कधी मानले नाही. भाऊसाहेबांचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला आणि त्याचा शेवट व्हायला १७७६ साल उजाडले. घरातल्यांची वाट पाहणे हीसुद्धा युद्धाचीच जखम असते, हे त्या पंधरा वर्षांवरून समजते.

भाई राणेखान

महादजी घरी आले तेव्हा घर तरी कुठे राहिले होते? भाऊ गेलेले, पुतण्या गेलेला. दौलत कोणाकडे जावी यावर वाद. राघोबादादांची मर्जी एकीकडे, भाऊबंदांचे दावे दुसरीकडे. लंगड्या पायाच्या या धाकट्याला शिंद्यांची सरदारी मिळेल असे कोणाला वाटत नव्हते. थोरल्या माधवरावांनी शेवटी ती त्यांना दिली तेव्हा १७६८ साल आले होते. म्हणजे सात वर्षे. मोडलेल्या माणसाला पुन्हा कामाला लागायला लागतो तेवढा हा काळ, असे मी धरतो. इतिहास या सात वर्षांवरून दोन वाक्यांत पुढे जातो. घरच्यांना ती एकेक रात्र करून काढावी लागतात.

या वर्षांत आणि पुढेही राणेखान त्यांच्याजवळ राहिला. महादजींनी त्याला बक्षीस देऊन वाटेला लावले नाही. त्याला भाऊ मानले. भाई राणेखान असेच त्याचे नाव रूढ झाले, आणि पुढे तो त्यांच्या फौजेतला बिनीचा सरदार झाला. ज्यांचे सगळे सख्खे भाऊ लढाईने नेले त्यांनी लढाईतूनच एक भाऊ उचलून आणला. ज्याने आपल्याला खड्ड्यात, रक्ताने माखलेले, असहाय पाहिले, त्याला जन्मभर डोळ्यांसमोर ठेवायला मोठे मन लागते. अनेकांना अशा साक्षीदाराची लाज वाटते. महादजींना वाटली नाही.

कुहीच्या बँकेत मी नोकरीला होतो तेव्हाची एक आठवण इथे सांगावीशी वाटते. नव्वदीचा काळ. आसपासच्या एका गावचा जवान श्रीलंकेतल्या शांतिसेनेतून परतला होता. पुढे निवृत्त होऊन पेन्शनसाठी आमच्याकडे येऊ लागला. हातपाय धड. टोकन घेतले की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, दाराकडे डोळे. शिपायाच्या हातून लोखंडी पेटीचे झाकण आपटले की घामाघूम. गावात कोणी म्हणे डोके फिरले, कोणी म्हणे बाहेरचे लागले, कोणी म्हणे दारूचा परिणाम. दारू होतीच, पण ती मागून आलेली.

त्याच्यासोबत नेहमी त्याचा थोरला भाऊ यायचा. मिरचीची शेती, चार बुकेही न शिकलेला माणूस. तो धाकट्याला काही विचारत नसे आणि उपदेशही करत नसे. काउंटरवर गर्दी असली की त्याला बाहेर लिंबाखाली घेऊन बसे आणि आपण रांगेत उभा राही. रात्री झोप येत नाही म्हणून धाकटा उठून चालू लागला की हाही कंदील घेऊन मागोमाग, ओलिताला पाणी द्यायच्या निमित्ताने. कधी दोघे अंभोऱ्याला वैनगंगेच्या काठी जाऊन दिवसभर बसून येत. पोळ्याला आणि दिवाळीला त्यांच्या अंगणात फटाके वाजत नसत, आणि वहिनीने ते शेजारच्या पोरांनाही समजावून ठेवले होते. धाकट्याच्या बायकोला महिन्याकाठी आठ दिवस माहेरी पाठवायचे, हेही त्या वहिनीनेच ठरवले होते. सोसणाऱ्यालाही विसावा हवा, हे तिला कोणी शिकवले नव्हते. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉक्टरांचे औषध सुरू झाले तेव्हा त्याला तिथपर्यंत नेणारा तोच भाऊ होता. तो पूर्ण बरा झाला का, ते मी सांगू शकत नाही. पण माझी बदली होण्याआधीच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तो एकटा आला होता, आणि रांगेत उभा राहिला होता.

त्या दिवसापासून राणेखानाची गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पखाल येत नाही, कंदील येतो.

सूड आणि सावली

महादजींची पुढची तीस वर्षे म्हणजे पानिपताला दिलेले उत्तर, असे इतिहासकार म्हणतात. ते खरेच आहे. १७७२ साली त्यांनी शहा आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले. १७७९ साली वडगावला इंग्रजांची फौज शरण आली त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये तेच जामीन उभे राहिले. १७८४ साली ते पातशहाचे वकील-इ-मुतलक झाले. सव्हॉयचा द बॉइन त्यांनी हाताशी धरला आणि कवायती पलटणी उभ्या केल्या.

पण ही वाट सरळ चढणीची नव्हती. १७८७ साली लालसोटला त्यांना माघार घ्यावी लागली. हाताखालच्या पातशाही पलटणी फुटून शत्रूला मिळाल्या. माणूस पुन्हा एकदा परतीच्या वाटेवर होता. त्या वेळी ते मोडले नाहीत. पराभव कसा सोसायचा हे त्यांना आता ठाऊक होते, आणि जवळ राणेखान होता. १७८८ साली आग्र्याजवळ याच राणेखानाने इस्माईल बेगाचा पराभव केला, दिल्ली घेतली, आणि शहा आलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादराचा पाठलाग केला. एकेकाळी पळणाऱ्याला उचलणारा भिस्ती आता पाठलाग करणारा सेनापती झाला होता.

गुलाम कादर हा नजीबखान रोहिल्याचा नातू, आणि अब्दालीला हिंदुस्थानात आणण्यात नजीबाचा हात मोठा. तो पकडला गेला आणि १७८९ साली त्याचे हाल हाल करून त्याला मारण्यात आले. त्याने केलेले क्रौर्य भयंकर होते, त्याला दिलेली शिक्षाही भयंकर होती. पानिपताचा सूड पुरा झाला असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. पण सूडाने राज्याचा हिशेब मिटतो, झोपेचा मिटत नाही. युद्धावरून आलेल्या माणसाला त्याचे शत्रू दाखवत राहणे, त्याच्या शौर्याच्या गोष्टी चारचौघांत त्याला पुन:पुन्हा सांगायला लावणे, हे प्रेमापोटी होत असले तरी त्याच्या उपयोगाचे नसते.

महादजींना विसावा मिळत असावा तो दुसरीकडे. त्यांनी कृष्णभक्तीची पदे रचली. बीडच्या मन्सूरशहा या सूफी संतांवर त्यांची श्रद्धा होती. आणि अंगी एक नम्रता होती, जिला काही जण धूर्तपणा म्हणतात. १७९२ साली ते पुण्यात आले तेव्हा सगळ्या सरदारांच्या खाली जाऊन बसले आणि बगलेतल्या बासनातून काढलेले जोडे सवाई माधवरावांपुढे ठेवले, कारण वडील राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळत, असे सांगतात. यात राजकारण होतेच. पण जो माणूस एकदा खड्ड्यात सर्वस्व गमावून पडला होता, त्याला मानाची जागा आणि जोड्याची जागा यांतले अंतर तितके मोठे वाटत नसेल, असेही माझ्या मनात येते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला ते वारले. त्यांना मुलगा नव्हता. गादीवर दौलतराव आले, पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू. म्हणजे जो भाऊ परतला नाही त्याच्या वंशाकडे, परतलेल्याने मिळवलेले सारे गेले.

आपल्या घरातले राणेखान

कामठीची छावणी जवळ असल्याने आपल्या नागपूर जिल्ह्याला फौज नवी नाही. गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांतले बहुतेक जण आपले घरदार, शेती, नोकरी नीट सांभाळतात. पण एखाद्याच्या घरात रात्री दिवा जळत राहतो, आणि ते घर कोणाशी बोलत नाही. अशा घरासाठी चार गोष्टी, डॉक्टरांकडून आणि अनुभवी माणसांकडून कळलेल्या.

झोपेत ओरडणाऱ्याला हात लावून गदागदा हलवू नये. थोडे दूर उभे राहून, नाव घेऊन, हळू आवाजात हाक मारावी, आणि तो घरी आहे हे सांगावे. काय घडले ते सांगण्याचा आग्रह नको, पण तो सांगू लागला तर मध्ये तोडू नये. घरातले एखादे नेमाचे काम त्याच्याकडे असावे, गोठ्याचे म्हणा, पोराला शाळेत सोडण्याचे म्हणा. दारूला दुखण्याचे मूळ समजून नुसती भांडणे करू नयेत, ती उतारा म्हणून घेतली जाते, आणि तिच्यामुळे दुखणे वाढते. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला तर ते नाटक समजू नये. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावा. यावर औषधे आहेत, बोलून करायचे उपचारही आहेत, आणि त्यांनी गुण येतो.

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्षही निघाला. ज्याला फोन करणे जड जाते त्याच्या वतीने घरच्यांनी केला तरी चालतो.

वानवडीला महादजींच्या स्मृतीची छत्री आहे. सुट्टीत पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहा. तिथे त्यांना दिल्ली जिंकणारा सरदार दाखवाच, पण बैलाच्या पाठीवर कण्हत घरी निघालेला तिशीतला जखमी माणूसही दाखवा, आणि कासरा धरून पुढे चालणारा तो भिस्तीही. त्या भिस्त्याला पुढे कोणते पद मिळणार होते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते, की माणूस जिवंत आहे आणि त्याला घरी पोचवायचे आहे.